खेळातून धंदा शिकायचा तर खेळाडू सोडा, नियम बघा

प्रश्न असा आलाय : "घणसोलीत आमचं मसाले आणि भाजण्यांचं छोटं युनिट आहे. नऊ माणसं कामाला. ठाणे-नवी मुंबईतली दुकानं आणि हॉटेलं गिऱ्हाईक. व्यावसायिकांच्या ग्रुपवर रोज सकाळी 'धोनीकडून शिका', 'मुंगीकडून शिका' असं काहीतरी येतं. वाचताना पटतं, पण युनिटवर गेलं की त्याचं करायचं काय ते कळत नाही. खेळातून, रोजच्या जगण्यातून धंद्याला खरंच काही शिकता येतं का? येत असेल तर कसं?"

येतं. मी रबाळ्याला पुठ्ठ्याच्या पेट्यांचा कारखाना चालवला, आता तो मुलगी बघते. मी सकाळी थोडा वेळ जाऊन बसतो आणि ओळखीच्या लहान युनिटवाल्यांच्या वह्या चाळतो. त्या अनुभवावरून सांगतो की तुमच्या ग्रुपवरच्या संदेशांत खोटं काही नसतं. फक्त ते खेळाडूचा स्वभाव उचलतात : शांत राहा, जिद्द सोडू नका, मोठं स्वप्न बघा. दुसऱ्याचा स्वभाव उसना आणता येत नाही. खेळाचा नियम मात्र आणता येतो. कशाला गुण मिळतो, कशाला मिळत नाही, एक गडी गेला तर मागे कोण, आणि चाल फसली तर किंमत किती मोजावी लागते, एवढं बघितलं की खेळ धंद्याच्या कामाचा होतो.

कबड्डीपासून सुरुवात करू, कारण तुमचं दुखणं मला तिथेच दिसतंय. हॉटेलं गिऱ्हाईक आहेत म्हणालात, म्हणजे उधारी आली.

हिवाळ्यात आपल्याकडे जागोजागी रात्रीच्या दिव्यांखाली कबड्डीच्या स्पर्धा लागतात. एकदा जा आणि मुद्दाम फक्त चढाई करणाऱ्याचे पाय बघा. लोक त्याच्या हाताकडे बघतात, कुणाला शिवला म्हणून आरडाओरडा करतात. त्याचं स्वतःचं अर्धं लक्ष मागच्या मध्यरेषेवर असतं. कोपऱ्यातल्या गड्याच्या गुडघ्याला त्याचा हात लागतो न लागतो तोच मागचा पाय वळलेला असतो. कारण नियम तसा आहे : शिवल्याचा गुण परत आल्यावरच. तिथेच पकडला गेला तर शिवलेला गडी बाद होत नाही, उलट हाच बाद आणि गुण समोरच्याला. पूर्वी चढाई एका दमात करायची, आता घड्याळ लावून तीस सेकंद देतात. हिशेब बदललेला नाही. आत किती खोल गेलास हे नंतर, परत आलास का ते आधी.

आता तुमचा टेम्पो माल घेऊन हॉटेलात गेला, चलनावर सही झाली, बिल निघालं. आपण म्हणतो विक्री झाली. कबड्डीच्या हिशेबाने फक्त हात लागलाय, गडी अजून समोरच्या अंगणात आहे. बिल काढलं की जीएसटीची जबाबदारी सुरू होते, पैसे आले की नाही हे तो विचारत नाही. मिरचीची खरेदी नवीन माल आला की फेब्रुवारी-मार्चमध्ये करावी लागते, आणि ब्याडगी काय किंवा संकेश्वरी काय, मसाला मार्केटमधला व्यापारी तुम्हाला हॉटेलाच्या मुदतीइतकी उधारी देत नाही.

आकडा मांडून बघा. समजा एक हॉटेल महिन्याला एक लाखाचा माल घेतं आणि पंचाहत्तर दिवसांनी पैसे देतं. म्हणजे तुमचे अडीच लाख कायम त्याच्याकडे अडकलेले. निव्वळ सुटतात समजा बारा टक्के, म्हणजे वर्षाला १ लाख ४४ हजार. अडीच लाखांवर बँकेचं व्याज चौदा टक्क्यांनी धरलं तर पस्तीस हजार. हिशेब ढोबळ आहे, पण जवळजवळ पाव नफा वाट बघण्यात गेला. हेच हॉटेल तीस दिवसांत पैसे देत असतं तर त्याला दोन टक्के सूट देऊनही तुमचं फारसं बिघडलं नसतं, वर दीड लाख मोकळे झाले असते. हे गणित मी भल्याभल्यांना करून दाखवलंय. सगळ्यांना आपलं सर्वांत मोठं गिऱ्हाईक कोण ते पाठ असतं, आणि सर्वांत उशिरा कोण देतं ते अकाउंटंटला विचारावं लागतं.

इथे कायदाही तुमच्या बाजूने आहे, तो लोक वापरत नाहीत. २००६ च्या एमएसएमई म्हणजे सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांच्या कायद्याप्रमाणे उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याला चक्रवाढ, व्याज लागू होतं. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून प्राप्तिकरातही तरतूद आली : मुदतीत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजा दाखवता येत नाही. ज्याच्या वह्या सीए तपासतो अशा मोठ्या हॉटेलाला मार्चच्या तोंडावर याची एका ओळीची आठवण पाठवली की अकाउंट्सवाले फोन उचलायला लागतात. फक्त नोंदणी आधी, माल नंतर. आणि बिलावर उद्यम क्रमांक छापा. कोपऱ्यावरच्या किराणावाल्यावर मात्र हे हत्यार उगारू नका. तो दर शनिवारी थोडेथोडे का होईना देतो, आणि त्याच्या शब्दावर तुमचं नवीन पाकीट फळीवर लागतं.

प्रो कबड्डीत आणखी एक नियम आहे. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी 'करो या मरो'. गुण आण, नाहीतर बाद. विक्रीला हा नियम जसाच्या तसा लावा. 'बघतो, कळवतो, पुढच्या महिन्यात या' म्हणणाऱ्यांकडे दोनदा सॅम्पल दिलं की तिसऱ्या भेटीत सरळ विचारायचं, पहिली ऑर्डर कधी आणि किती किलोची. नाही म्हणाला तर बरंच झालं, त्या वाटेचं पेट्रोल वाचलं.

आता क्रिकेट, कारण ते आपल्या दारात घडलं. २ नोव्हेंबर २०२५ ला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिला विश्वचषकाची अंतिम लढत झाली. पावसाने उशिरा सुरू झाली, भारताने २९८ केल्या आणि दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या ग्रुपवर काय आलं असेल ते मी न बघता सांगतो : शफाली वर्मा, जिद्द, कधीही हार मानू नका.

गोष्ट खरीच विलक्षण आहे. शफाली मूळ संघात नव्हती. सलामीची प्रतिका रावल जखमी झाली म्हणून ऐन उपांत्य फेरीला तिला बोलावलं, आणि अंतिम सामन्यात तिने ८७ धावा केल्या, वर दोन बळी. पण मालकाने बघायची गोष्ट वेगळी आहे. ऐनवेळी बोलावलं तेव्हा ती घरी बसलेली नव्हती, देशांतर्गत सामने खेळत होती. हात चालू होता. तुमच्याकडेही कढईवर एकच हात बसलेला असणार. भाजणी किती भाजायची, धणे कुठल्या रंगावर उतरवायचे, हे ज्याला कळतं तो किंवा ती. त्या बाई गणपतीला आठ दिवस गावी गेल्या की काय होतं? 'दुसरीलाही येतं' असं सगळे मालक सांगतात. माझा पुढचा प्रश्न ठरलेला असतो : तिने शेवटचा घाणा कधी काढला? उत्तर 'गेल्या वर्षी' असेल तर तुमचा राखीव खेळाडू कागदावर आहे. महिन्यातून एक दिवस ठरवून दुसरीला कढईवर बसवा आणि पहिलीला बाजूला बसून नुसतं बघू द्या. त्या दिवशी माल थोडा कमी निघेल. तो खर्च समजून चालायचं.

त्याच सामन्यात कर्णधार हरमनप्रीतने शफालीच्या हाती चेंडू दिला, तो निर्णय मला जास्त शिकवून जातो. शफाली काही नेहमीची गोलंदाज नव्हे. आफ्रिकेच्या वोल्वार्ड्ट आणि लूस यांची जोडी जमत होती, नेहमीचे हात चालत नव्हते. शफालीने आधी लूसला घेतलं, मग काप्पला. सगळे म्हणाले, काय अंतःप्रेरणा! समजा तिला पहिल्याच षटकात अठरा धावा बसल्या असत्या, तर हेच लोक म्हणाले असते, अंतिम सामन्यात असले प्रयोग करतात का? निर्णय तोच, निकाल वेगळा. म्हणून निर्णय कसा होता हे निकालावरून ठरवू नये. तो घेताना काय पणाला लागलं होतं ते बघावं. सहा चेंडू पणाला लागले होते. नाही जमलं तर चेंडू काढून घेता येत होता. वाया जाण्याची हद्द ठरलेली, मिळण्याची शक्यता मोठी.

धंद्यात असं षटक आपल्याला स्वतः आखावं लागतं. नवीन मालवणी मसाला काढायचाय? पाच हजार पाकिटं छापून घेऊ नका, छापखानावाला दर कितीही कमी करून देवो. साध्या पाकिटावर स्टिकर लावा, पंधरा किलो काढा, चार दुकानांत ठेवा, महिन्याने मोजा. स्टिकरचं पाकीट महाग पडतं, दिसतंही गरीब. पण फसलं तर पंधरा किलोच फसलं. मी पेट्या विकायचो, जास्त छपाईत माझाच फायदा होता, तरी नव्या मालाला कमीच पेट्या घ्या म्हणून सांगायचो. ती माणसं टिकली तर माझं गिऱ्हाईक टिकणार होतं.

याच संघाचे प्रशिक्षक अमोल मुझुमदार. प्रथम श्रेणीत अकरा हजारांहून जास्त धावा, भारताकडून एकही सामना नाही, आणि शेवटी प्रशिक्षक म्हणून विश्वचषक. यावरून 'संयमाचं फळ' असे लेख आले. माणूस थोर आहे, वाद नाही. पण तितकाच संयम ठेवून ज्यांच्या हाती काहीच लागलं नाही त्यांच्यावर कुणी लेख लिहीत नाही. बंद पडलेल्या गाळ्याचा मालकही जिद्दीचाच होता. शेजारच्या गल्लीतलं युनिट का बंद पडलं हे चहा पिता पिता विचारून घ्या, एखाद्या यशोगाथेपेक्षा त्यात जास्त माल असतो.

खो-खोकडे आपण शाळा सुटल्यावर बघत नाही. खरं तर कारखान्याच्या सर्वांत जवळचा खेळ तोच. पाठलाग करणाऱ्याला मागे वळता येत नाही, मधली पट्टी ओलांडता येत नाही. पळणारा तसल्या जागी सटकला की स्वतः धावून उपयोग नसतो, ज्याचं तोंड तिकडे आहे त्याला खो द्यायचा आणि आपण त्याच्या जागी बसायचं. खो पाठीमागून, हात लावून आणि मोठ्याने. आणि मिळाल्याशिवाय बसलेल्याने उठायचं नाही.

आमच्याकडे पाळी बदलायची रात्री आठला. एकदा जुलैत कागद दमट झाला होता, म्हणून दिवसपाळीच्या ऑपरेटरने दुपारी घडीची रेघ जरा खोल घेतली. औषधाच्या बाटल्यांची पाच प्लायची म्हणजे पाच थरांची पेटी, झाकणं नीट मिटली पाहिजेत. जाताना त्याची लोकल चुकत होती, हेल्परला म्हणाला, 'त्याला सांग.' हेल्पर डबा खायला गेला. रात्रीच्या ऑपरेटरने जॉबकार्ड, म्हणजे त्या कामाची मापं लिहिलेलं कार्ड, बघितलं, कार्डावर जुनंच माप, त्याने इमानदारीत यंत्र पुन्हा कार्डाप्रमाणे लावलं. सकाळी थप्पीतली पेटी उचलून मिटली तर झाकण स्प्रिंगसारखं वर. दोघांपैकी कुणीही कामचुकार नव्हता. खो हवेत दिला गेला होता. त्यानंतर रिवाज पडला : दिवसात काही बदललं असेल तर कार्डावर लाल पेन्सिलीने लिहायचं, आणि येणाऱ्याच्या हातून पहिल्या तीन पेट्या निघेपर्यंत जाणाऱ्याने यंत्रापाशी उभं राहायचं. पाच-सात मिनिटं जातात. सुरुवातीला कुरकुर झाली, लोकलचा विषय निघाला, मग आम्ही पाळीच दहा मिनिटं आधी सुरू केली.

तुमच्याकडे पाळ्या नसतील, पण ऑर्डर घेणारा, दळणारा, पाकिटं भरणारा आणि टेम्पोवाला असे चार खो रोज आहेतच. 'हॉटेलचं तिखट यावेळी कमी जाड हवंय' हे वाक्य फोनवरून पल्व्हरायझरपर्यंत, म्हणजे दळायच्या यंत्रापर्यंत, कसं पोचतं ते एक दिवस मागे चालत जाऊन बघा. बहुधा ते कुणाच्या तरी व्हॉट्सॲपवर अडकलेलं सापडेल.

रोजच्या जगण्यातलं म्हणाल तर मी वाशीच्या भाजी मार्केटकडे बोट दाखवीन. मुद्दाम पहाटे जा, तुम्हाला लांब नाही. गाड्या रात्रीच लागलेल्या असतात. कोथिंबिरीच्या जुड्यांचा अंधारात जो भाव असतो तो उजाडल्यावर नसतो, आणि ऊन चढल्यावर तर विचारूच नका. तिथला व्यापारी 'मला इतक्याला पडली' हे वाक्य स्वतःशीही बोलत नाही. खरेदीचा भाव त्याच्या लेखी संपला, आता गिऱ्हाईक काय देतं एवढंच उरलं. आपला माल डोळ्यांसमोर सुकत नाही म्हणून आपण फसतो. भाजणीचं पाकीट सहा महिन्यांचं असलं तरी मुदत निम्म्यावर आली की चांगला दुकानदार हातात घेत नाही. म्हणजे तुमच्या हातात तीनच महिने. दुसऱ्या महिन्याच्या शेवटी उरलेल्या मालाचं काय करायचं, कुणाला किती कमी भावात, हे माल काढायच्या दिवशीच लिहून ठेवा. नंतर ठरवायला गेलात की जीव अडकतो.

दहीहंडीबद्दल थोडक्यात. २०१२ साली ठाण्यात जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने नऊ थर लावले, २०२५ मध्ये ठाण्यातच कोकण नगर पथकाने दहा. टीव्हीवर वरचं पोर दिसतं. सरावाला गेलात तर पथकाचे जुने लोक थर लावण्याइतकेच थर उतरवण्याबद्दल ओरडताना दिसतील. धंद्यातही चढण्याआधी उतरायचं कसं ते ठरवा. एका गिऱ्हाइकाच्या भरवशावर दुसरं यंत्र कर्जावर घ्यायच्या आधी, ते गिऱ्हाईक गेलं तर हप्ता कुठून जाईल आणि यंत्र कुणाला किती दिवसांत विकता येईल, एवढं कागदावर मांडा. उत्तर सापडलं नाही तर दुसऱ्याच्या यंत्रावर मजुरीने दळून घ्या.

आता खेळ कुठे फसवतो तेही सांगायला हवं. खेळात सामना संपतो, एक हरतो, एक जिंकतो. आपला सामना संपत नाही, आणि 'प्रतिस्पर्धी' ही कल्पना तर लहान धंद्यात निम्मी खोटी आहे. ऐन हंगामात माझ्याकडचा क्राफ्ट पेपर, म्हणजे पेट्यांचा तपकिरी कागद, संपला तेव्हा रीळ कुणी दिलं? दोन गल्ल्या सोडून पेट्याच करणाऱ्या माणसाने, ज्याच्याशी मी दर टेंडरला भांडत होतो. त्याचं यंत्र बंद पडलं तेव्हा त्याचा माल आमच्याकडे शिवला गेला. क्रिकेटची भाषा डोक्यात भिनलेला माणूस असले उपकार घेतही नाही आणि देतही नाही.

दुसरं, 'आपण एक टीम आहोत' हे भाषण जपून. खेळाडूला संघात असण्याचं मानधन मिळतं, जिंकल्याचा वाटा मिळतो. कंत्राटावर असलेल्या पोराला दिवाळीत चार तास जादा थांबवून टीम म्हणायचं आणि ओव्हरटाइम पुढच्या महिन्यावर ढकलायचा, हे त्याला लगेच कळतं. आधी त्याच दिवशी पैसे, मग भाषण. पैसे वेळेवर असले तर बहुतेक वेळा भाषण लागतही नाही.

तुम्ही विचारलंत कसं शिकायचं. सुरुवातीला एकच खेळ घ्या, कबड्डी. या आठवड्यात प्रत्येक गिऱ्हाइकापुढे माल गेल्याची तारीख आणि पैसे आल्याची तारीख एवढे दोनच रकाने भरा, गेल्या सहा महिन्यांचे. संगणकावर नको, वहीत, स्वतःच्या हाताने. रकाने भरता भरताच तीन-चार नावं अशी निघतील की मिरचीच्या खरेदीआधी त्यांच्याकडे जाऊन बसावं लागेल. जाताना बिलांच्या प्रती घेऊन जा आणि मालकालाच भेटा, मॅनेजरला नको.